दुसऱ्याच्या मळ्यात कुर्ल्यांना जाण्याआधी

मिरगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, व्हाळ (ओढे) भरून वाहायला लागले, की कोकणातल्या मळ्यांमधून रात्री बॅटऱ्या फिरायला लागतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळांतून वर येतात, नदीतले मासे चढणीला लागतात, म्हणजे अंडी घालायला वर मळ्यांकडे चढतात. ज्यांचं लहानपण गावात गेलं त्यांना यात नव्याने शिकण्यासारखं काही नाही. कुणाच्या मळ्यात उतरायचं, कुणाला हाक मारून जायचं, कुठे अजिबात फिरकायचं नाही, हे त्यांना मोठ्यांच्या मागून चालताना कळलेलं असतं. पण आता गावात नवी माणसंही पुष्कळ आहेत. घाटावरून बदली होऊन आलेले शिक्षक आणि बँकेतले लोक आहेत, जमीन घेऊन घर बांधलेले आहेत, आणि आडनाव गावचंच असलं तरी मुंबईत वाढून आता परत आलेले तरुणही आहेत. त्यांना हौस असते आणि ती चांगलीच आहे. हा लेख त्यांच्यासाठी लिहितो आहे.

नव्या माणसाची फसगत होते ती एका गोष्टीने. आमच्याकडे शेताला तारेचं कुंपण क्वचित असतं. असतो तो जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा, त्यालाही मध्येच खिंड पडलेली. भातमळ्यांना तर नुसत्या मेरा, म्हणजे मातीचे बांध. त्यामुळे सगळं रान मोकळं आहे, कुणी विचारणारं नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातल्या वीतभर मेरेसाठीही कोर्टात दावे चाललेले असतात. जमीन उघडी दिसते कारण शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा असतो. त्या भरवशात तुम्हाला जागा मिळवायची आहे.

आधी, काय पकडायचं नाही ते

शिकार हा शब्द गावात अजून सहज वापरला जातो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता आपल्याकडे हौसेखातर जनावरांच्या शिकारीला जागाच उरलेली नाही. ससा, साळिंदर, भेकर, पिसोरी, रानकोंबडा, घोरपड, कासव यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. जमीन तुमची स्वतःची असली तरी नाही, मालकाने खुशीने परवानगी दिली तरी नाही. जमिनीवरचं जनावर मालकाचं नसतं, म्हणून त्याची परवानगी त्याला देताच येत नाही. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. घोरपड आणि खवलेमांजर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे.

कुणी म्हणेल, ‘रात्री चल, कुर्ल्यांबरोबर दुसरं काही मिळालं तर बघू.’ त्या सोबतीला जाऊ नका. पावसाळ्यात डराव डराव करणारे मोठे पिवळे बेडूकही तसेच सोडून द्यायचे.

राहिल्या मळ्यातल्या आणि व्हाळातल्या कुर्ल्या, चढणीचे मासे आणि गरीवरची (गळाची) मासेमारी. यात सुरुंग आणि विष वर्ज्य आहेत, आणि ते आजचं नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून दोन्हींवर बंदी आहे. गेळाची फळं कुटून डोहात टाकण्याची जुनी पद्धत तुम्हाला कुणी कौतुकाने सांगेल. ऐकून घ्या, करू नका. विजेचा करंट सोडून मासे मारणाऱ्यांच्या तर जवळपासही उभं राहू नका. त्यात अंडी आणि पिल्लंसुद्धा मरतात, आणि पाण्यात उतरलेला माणूसही मरतो.

जमीन कोणाची आणि विचारायचं कोणाला

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ऑनलाइन सातबारा काढता येतो, पण कोकणातला सातबारा वाचून कुणाचं दार वाजवायचं ते बहुधा कळत नाही. एकेका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं हयात नसतात, उरलेली डोंबिवली, विरार, बडोद्याला असतात. कुठे सामाईक खातं, कुठे इतर हक्कात कुळाचं नाव. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला, पण त्या उलथापालथीतले रुसवे अजून कित्येक वाड्यांत जिवंत आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या जमिनींचा प्रश्न तर पिढ्यान्पिढ्या सरकारदरबारी फिरत राहिला. नव्या माणसाने यात पडू नये. ‘ही जमीन नक्की कोणाची हो?’ हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. उत्तरावरून तिथेच भांडण लागू शकतं आणि सुरुवात तुम्ही केलीत असं होतं.

त्याऐवजी विचारा, ‘हा मळा कोण करतो?’ याचं उत्तर सगळे एकच देतात. नांगर धरणारा, तरवा (लावणीची भातरोपं) काढणारा, पाणी बांधणारा माणूस कोण हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. कागदावर तो मालक असेल, कूळ असेल, मुंबईच्या चुलतभावाची जमीन अर्धेलीने करणारा असेल, किंवा शेजारी असेल. मळ्यात पाणी किती आहे, तरवा कुठे टाकला आहे, मेर कुठे कच्ची आहे, डुकरांसाठी काय लावून ठेवलं आहे, हे त्यालाच माहीत असतं. तुमच्यासाठी हो म्हणणारा माणूस तोच. मुंबईचा मालक तुमच्या ओळखीचा असला, त्याने फोनवर ‘जा की बिनधास्त’ म्हटलं, तरी या माणसाला भेटल्याशिवाय उतरू नका. फोनवरचा होकार दाखवून कसणाऱ्याच्या शेतात घुसणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो विसरला जात नाही.

आणखी एक. शेत करणारा म्हणजे पुरुषच असं धरून चालू नका. कितीतरी घरांत मुलगा गोव्याला कामाला असतो आणि शेती आजी किंवा वहिनी बघते. लावणीचे पैरे, म्हणजे एकमेकांच्या शेतावर कामाची फेड, तीच ठरवते. अशा घरी बायको, बहीण, आई असं कुणीतरी बरोबर घेऊन जा. बोलणं लवकर मोकळं होतं.

विचारायचं कसं

दिवसा जायचं. जेवणाच्या वेळी नाही, आणि लावणी अंगावर आलेली असताना माणूस चिखलात उभा असेल तर तेव्हाही नाही. संध्याकाळी गुरं गोठ्यात बांधून झाल्यावर माणूस पडवीत टेकतो, ती वेळ चांगली. शक्य तर रोहिणी नक्षत्रातच, म्हणजे पावसाच्या आधीच, एकदा जाऊन या. बांधावर रात्री गाठ पडल्यावर ‘विचारणारच होतो’ म्हणण्यात अर्थ नसतो.

खळ्यात (अंगणात) शिरण्याआधी बाहेरून हाक द्या. कुत्रा असतो म्हणूनही, आणि रीत म्हणूनही. पहिला प्रश्न तुमच्याविषयी असेल: ‘खंयचे तुमी? कोणाकडे रवतास?’ हा संशय नसतो. गावातल्या कोणत्या घराच्या आधाराने तुम्ही उभे आहात हे त्यांना हवं असतं, म्हणजे उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. सरळ सांगा: अमक्यांच्या घरात भाड्याने राहतो, शाळेत शिकवतो. शक्य असेल तर ते ‘अमके’ पहिल्या दिवशी बरोबरच घेऊन जा. त्यांच्या शब्दाने जे काम होतं ते तुमच्या दहा फेऱ्यांनी होत नाही.

मग मुद्द्यावर या. घोळवू नका. इतकंच पुरे:

‘काका, पाऊस लागल्यावर रात्री तुमच्या मळ्यात कुर्ल्यांना आलो तर चालेल का? आम्ही दोघंच असू. मेरेवरून फिरू, तरव्यात पाय घालणार नाही. येण्याआधी सांगून येऊ.’

या चार वाक्यांत शेतकऱ्याला हवं ते सगळं येतं: कधी, किती जण, शेताचं नुकसान होणार नाही, न सांगता येणार नाही. उत्तर बहुधा असं येतं: ‘येवा. पण मेरेवरसून जावा हां, वरच्या कोपऱ्यात तरवो आसा.’ हे शेवटचं वाक्य नीट ऐका. ती अट असते. वरचा कोपरा म्हणजे नक्की कुठला, हे उजेडात त्यांच्याबरोबर चालत जाऊन बघून घ्या.

तुम्ही फार मोठा उपकार मागायला आला आहात, असं मानून अवघडू नका. कुर्ल्या तरव्याची कोवळी रोपं कातरतात, मेरांना बिळं पाडतात, त्या बिळांतून वरच्या कुणग्यातलं (वाफ्यातलं) पाणी खालच्यात निघून जातं. कुर्ल्या कमी झाल्या तर कित्येक शेतकऱ्यांना हवंच असतं. माशांचं तसं नाही. मळ्यात चढलेले मासे घरातलीच पोरं पकडणार असतात, त्यामुळे मासे आणि कुर्ल्या यांची परवानगी वेगवेगळी विचारा. एकाला हो म्हणजे दुसऱ्याला हो नव्हे.

पैसे पुढे करू नका. पहिल्या भेटीत पैशांचं नाव काढलं की नात्याचा धंदा होतो, आणि पुढच्या वर्षी त्या वाडीत तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाकडे दर मागितला जातो.

पाणी कोणाचं

व्हाळ आणि नदी सरकारी असली तरी तिथवर जाणारी पाणंद बहुधा कुणाच्यातरी आगरातून जाते. तेव्हा त्या घराला हाक द्याच. पाटबंधारे खात्याच्या धरणांतली मासेमारी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथे गरी टाकायची तर संस्थेला विचारायचं. गावतळ्यासाठी ग्रामपंचायत. कोळंबीच्या तळ्यांच्या बांधावर पाऊलसुद्धा नको.

खाडीत आणि खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) गाबीत, भोई, कोळी कुटुंबांच्या जाळी लावण्याच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. त्या कुठे लिहिलेल्या नसतात आणि तरी पक्क्या असतात. रोवलेले खुंटे दिसले की तिथून लांब गळ टाका. खाडीवर नवखे असाल तर भरतीची वेळ काढायची घरगुती रीत लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट म्हणजे सहा, तेव्हा सहाच्या सुमारास भरती. हा अंदाज झाला. चिखलात उतरण्याआधी तिथल्या माणसाकडून खात्री करून घ्यायचीच.

देवाच्या पाण्यात मासेमारी नाही, एवढ्यावर हा विषय संपतो. महाडजवळच्या वाळण कोंडीतले किंवा वाड्याजवळ तिळशाच्या वैतरणेतले मासे लोकांनी श्रद्धेने राखले, म्हणून तिथे खडशीसारखे मोठे मासे आजही दिसतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाचं शास्त्रीय वर्णन २०२० साली झालं, आणि लगेच २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. प्रत्येक गावात अशी एखादी कोंड (नदीतला डोह), एखादी तळी, एखादी राई असते. पाटी नसते. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: ‘देवाचं कुठे काय आहे, जिथे जायचं नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्याकडे गाव वेगळ्या नजरेने बघतं. काही वाड्यांत एखादी कोंड उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून मासे मारण्यासाठी राखून ठेवलेली असते. तीही विचारा.

रात्री निघताना

परवानगी वर्षाची मिळाली असली तरी त्या रात्रीची खबर वेगळी द्यायची. संध्याकाळी फोन करा, उचलला नाही तर जाऊन सांगा: आज येतो, इतक्या वाजता, अमुक बाजूने. हा नुसता शिष्टाचार नाही, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

डुकरांचा उपद्रव कोकणात भयंकर वाढला आहे. पिकलेलं भात, नाचणी, कणगराचे कंद, नारळाची रोपं, एका रात्रीत सगळं उलटंपालटं होतं. त्यामुळे शेतकरी काय काय करतो ते समजून घ्या. झटका मशीनची तार असते. तिचा झटका जोराचा लागतो, पण ठरावीक अंतराने येतो आणि नीट बसवलेलं यंत्र माणसाला मारत नाही. मात्र काही जण थेट घरच्या लाइनची तार सोडतात. ते बेकायदा आहे आणि ओल्या मळ्यात ती तार म्हणजे मरण आहे. काही ठिकाणी फासक्या (तारेचे फास) असतात, त्यांत दरवर्षी बिबटे अडकतात. आणि काहींकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. रानडुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या घटना कोकणात घडलेल्या आहेत. अंधारात झाडीतून खसफस करत, बॅटरी विझवून, न सांगता फिरणारा माणूस स्वतःला त्या गोळीपुढे नेऊन ठेवतो.

म्हणून विचारताना हे स्पष्ट विचारा: ‘तार लावली आहे का? कुठे? रात्री राखणीला कोण असतं?’ लाइनची तार आहे असं कळलं तर त्या बाजूला पुन्हा कधीच जाऊ नका, आणि तसं का ते त्या माणसाला तोंडावर सांगा. त्यात त्याची पोरं आणि गुरंही मरू शकतात. तार तरीही राहिलीच तर महावितरणला कळवा, मग तिथली परवानगी गेली तरी चालेल. फासकीत जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बॅटरी सतत चालू ठेवा, आपसात बोलत चला. कुर्ल्या बोलण्याने पळत नाहीत, उजेडात दबून बसतात. घराजवळून जाताना बॅटरी खिडकीवर मारू नका. राखणीच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) माणूस असेल तर लांबूनच नाव सांगून हाक द्या.

पायात गमबूट किंवा घट्ट बूट हवेत. फुरसं कातळावर आणि गडग्याच्या दगडांत असतं, मेरांवर घोणस आणि नाग. बिळात हात घालणं जुन्या माणसांना जमतं, ती बिळाच्या तोंडाची माती बघून आत काय आहे ते ओळखतात. नव्याने घालू नये. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. १०८ ला फोन करा आणि सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. व्हाळात उभे असताना पाणी एकदम गढूळ झालं, पाचोळा, काटक्या वाहत यायला लागल्या, तर वर सह्याद्रीत पाऊस कोसळला आहे असं समजा आणि त्याच क्षणी बाहेर या.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे. सिंधुदुर्गात दरवर्षी पावसाळ्यात रुग्ण सापडतात. पायाला जखम असेल तर मळ्यात उतरू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘भाताच्या मळ्यात फिरलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वारंवार उतरणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांविषयी तिथेच विचारून घ्या.

मळ्यात

शेतकऱ्याचं नुकसान तीन गोष्टींनी होतं, आणि तिन्ही अंधारात नकळत होतात. तरव्यात पाय पडतो. तरवा म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षाचं भात, तो तुडवला तर दुसरीकडून रोप मागून आणावं लागतं. दुसरं, मेर फुटते. कुर्लीसाठी बीळ खणलं की सकाळपर्यंत कुणग्यातलं पाणी उतरतं. बीळ खणायचंच नाही, वर आलेल्या कुर्ल्या घ्यायच्या. तिसरं, गडग्याचे दगड. कुर्ली दगडाआड गेली म्हणून दगड काढला, तर त्यावरचे चार घसरतात, खिंड पडते आणि दुसऱ्या दिवशी गुरं आत येतात. काढलेला दगड होता तसा बसवा. बेडं (वाटेवरचं फाटक) उघडून आत गेलात तर लगेच मागे लावून घ्या. उघडंच होतं तर उघडंच ठेवा.

पाणी अडवून किंवा मेरेचं तोंड मोकळं करून मासे धरू नका. तुमच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे, पण पाणी बांधायला त्या माणसाने सकाळ घालवलेली असते. तोंडाशी आधीच कुणी बांबूचा सापळा लावला असेल तर त्यातला मासा त्याचा. सापळ्याच्या जरा वर किंवा जरा खाली पाग (फेकायचं जाळं) टाकणंही बरं नव्हे.

आता कुर्ली कशी घ्यायची ते. उजेड तिच्या डोळ्यांवर धरा, ती नांग्या वर करून थबकते. मागच्या बाजूने हात आणून कवचावर दोन बोटं आणि पोटाखाली अंगठा, असं चिमटीत उचला. आणि टोपलीत टाकण्याआधी उलटी करा. पोटावर दुमडलेली पट्टी असते. नराची ती अरुंद आणि टोकाकडे निमुळती, मादीची रुंद, जवळजवळ पोट झाकणारी. मादी असेल तर ती पट्टी किंचित फुगली आहे का ते पाहा. फुगली असेल तर बोटाने हलकेच उचलून बॅटरी जवळ आणा. आत एकमेकांना बिलगलेली अंडी दिसतील, नाहीतर मुगाच्या दाण्यांएवढी पिल्लं, पाय-नांग्यांसकट पूर्ण तयार, उजेड लागताच हलायला लागलेली. गोड्या पाण्यातली कुर्ली पिल्लं पाण्यात सोडून देत नाही, ती चालती होईपर्यंत अशी पोटाशी बाळगते. पट्टी तशीच मिटू द्या आणि तिला होती तिथेच ठेवा. एक मादी टोपलीत टाकली तर त्या मेरेवरच्या पुढच्या सालच्या कितीतरी कुर्ल्या गेल्या.

चढणीच्या माशांविषयी माझं मत कडक आहे. मळवे, शेंगट्या, मरळ हे मासे मळ्यात येतात ते अंडी घालायला. एका रात्रीत पोतं भरून मारण्यात मर्दुमकी नाही. रायगडाकडे वलगणीला आणि आमच्याकडे चढणीला जुनी माणसं एक कालवण होईल एवढे मासे घेऊन परतायची. आता मोबाइलवर एक फोन गेला की अख्खी गावं गोळा होतात आणि चढ सुरू होण्याआधीच संपतो. नव्याने शिकत असाल तर पोटात गाबोळी (अंडी) भरलेले मासे सोडून द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वाटा

पकडून झालं की घरी जायच्या वाटेवर मळा करणाऱ्याच्या घरी वाटा द्यायचा. फार रात्र झाली असेल तर सकाळी. लहान-मोडक्या कुर्ल्या वेगळ्या काढून त्या त्यांना, असं करू नका. टोपली समोर ठेवा आणि त्यांना घेऊ द्या. बहुतेक जण ‘नको रे, घरी ने पोरांका’ म्हणतात. तरी ठेवायचंच. सोमवार किंवा संकष्टी असेल, घरात शिवराक (शाकाहारी जेवण) असेल, माळकरी माणूस असेल, तर तेव्हा वाटा नेऊन दारात उभं राहू नका. दुसऱ्या वारी जा, नाहीतर चहापूड-साखर द्या. श्रावणात बहुतेक घरी मासे शिजतच नाहीत, आणि तोवर मळ्यात फिरण्याचे दिवसही संपत आलेले असतात.

वाट्याबरोबर खबरही द्या. वरच्या कुणग्याची मेर झिरपते आहे, गडग्याला नवी खिंड पडली आहे, डुकरांचा माग उमटला आहे. शेतकऱ्याला रात्री त्याच्या शेतात काय चाललं होतं हे सांगणारा माणूस हवासा वाटतो.

आणि नुकसान तुमच्या हातून झालं, मेर फुटली, तर तेव्हाच चिखल लावून जमेल तेवढी बुजवा आणि उजाडायच्या आत जाऊन सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर वाद वाढतो. स्वतः सांगून दुपारी फावडं घेऊन गेलात तर वाद बहुधा तिथेच संपतो.

हे नातं पावसाळ्यापुरतं ठेवलं तर टिकत नाही. लावणीला एक दिवस तरवा काढायला जा, तुम्हाला पटकन जमणार नाही, तरी जा. कापणीला, झोडणीला जा. मुलांचा ऑनलाइन फॉर्म भरून द्या, आजोबांना तालुक्याला डॉक्टरकडे न्या. गणपतीला त्यांच्या घरी आरतीला जा. गावच्या राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, वर्गणी द्या.

नाही म्हणाले तर

‘बरं काका’ म्हणून यायचं. कारण विचारायचं नाही. घरात सोयर-सुतक असेल, शेजाऱ्याशी मेरेचा वाद चालू असेल, आधी कुणीतरी मेर फोडून गेला असेल, किंवा फक्त तुम्ही नवे असाल. पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतं. दुसऱ्याच्या मळ्यातून फिरत फिरत त्याच मळ्यात शिरणं मात्र कधीच नको. अंधारातही कुणाची बॅटरी कुठे फिरते आहे ते पडवीतून दिसत असतं.

डुकरांचं विचारलं तर

ओळख वाढली की एखादा शेतकरी तुम्हालाच म्हणेल, ‘तुमी शिकलेले, या डुकरांचा कायतरी करा.’ त्याचं दुखणं खरं आहे, झटकून टाकू नका. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी आहे, असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि ही गल्लत गावात फार होते. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे अर्ज केल्यावर पंचनामा होऊन मिळते. अनेकांना अर्जाची कटकट नको वाटते, म्हणून ते तो करतच नाहीत. तिथे तुमचा उपयोग आहे. नुकसान झालं त्याच सकाळी फोटो काढा, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक गोळा करा आणि त्यांच्याबरोबर वनपालाच्या कार्यालयात जा.

पाहुणे आणि व्हिडिओ

तुम्हाला मिळालेली परवानगी तुमचीच आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या मित्रांना थेट मळ्यात नेऊ नका. आधी त्यांना त्या घरी घेऊन जा, ओळख करून द्या, मगच. चारपेक्षा जास्त माणसं एका वेळी नकोत, आणि दारू प्यायलेला तर एकही नको. व्हिडिओ काढायचा असेल तर तो टाकण्यापूर्वी विचारा, आणि वाडीचं, व्हाळाचं, कोंडीचं नाव त्यात घालू नका. नाव गेलं की पुढच्या शनिवारी गाड्या येतात. त्या गाड्यांतले लोक कुणाला विचारत नाहीत, आणि मग काका रात्री बेड्याला कुलूप लावायला लागतात.